आगवाल्याचं नाव कुठे आहे?

सकाळी एका ग्रुपवर 'वाफेच्या युगाची शान' म्हणून फोटो आले. पांढरीशुभ्र प्रवासी जहाजं, झुंबरं, टोपीवाल्या मडमा. खाली बदामांचा पाऊस. तेव्हापासून डोकं तापलंय.

शान कसली? जग चाललं ते काळ्या, बेढब मालवाहू बोटींवर. 'जॉन बाउज'चंच घ्या. ३० जून १८५२ ला इंग्लंडात टाइन नदीवर, जॅरोला, चार्ल्स पामरच्या कारखान्यातून ही वाफेवर चालणारी लोखंडी बोट पाण्यात उतरली. रेल्वेने येणारा कोळसा लंडनचा बाजार खाऊ लागला होता, आणि शिडाच्या बोटी वाऱ्याची वाट बघत बसायच्या. पहिल्याच फेरीत ६५० टन कोळसा चार तासांत भरला, दोन दिवसांत लंडन, एका दिवसात बोट रिकामी, आणखी दोन दिवसांत परत टाइनवर. पामर सांगायचा, एवढ्या कामाला शिडाच्या दोन बोटींना महिन्याहून जास्त वेळ लागला असता.

आणि नाव कोणाचं? पामरच्या भागीदाराचं, खाणमालकाचं! खाली भट्टीसमोर उभ्या असलेल्याचं नाव कोणाला ठाऊक आहे?

माझे आजोबा आगवाले होते, म्हणजे बोटीची भट्टी सांभाळणारे. आमच्याकडच्या कितीतरी घरांतले पुरुष बोटीवर जायचे, तसेच तेही गेले. घरी आल्यावर कुणी चुलीत लाकडं कोंबली की ते उठून अर्धी बाहेर ओढायचे, निखारे सारखे पसरायचे. "आग पातळ ठेव, सगळीकडे सारखी ठेव." आजी चिडायची, पण ते ऐकायचे नाहीत.

'कोळसा टाकणारे' म्हणतात लोक. टाकणारे! जाड थर टाकला की खालची हवा कोंडते, नुसता धूर होतो, वाफेचा काटा खाली येतो. थोडा थोडा, वारंवार, नेमका मागच्या कोपऱ्यापर्यंत फेकायचा, तोही पायाखालची जमीन डोलत असताना. जाळीवर चिकटलेला खडा सळईने फोडून ओढायचा. बंकरच्या, म्हणजे बोटीतल्या कोळशाच्या कोठाराच्या, अंधारातून दुसरा माणूस कोळसा आणून देणार. पाळी संपली की राख वर चढवून समुद्रात. आजोबा चुलीपाशी जे करायचे ते हेच. ते कसब होतं हो!

बरं, वाफ आली म्हणून वाऱ्याची गुलामी गेली, कोकणात मनीऑर्डरी आल्या, हे मान्य. पण पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली. जीवाची किंमत तर विचारूच नका. जादा माल भरून बोटी बुडायच्या, म्हणून खासदार सॅम्युअल प्लिम्सॉल ब्रिटिश संसदेत भांडला. १८७६ च्या कायद्याने भाररेषा आली, म्हणजे बोट कुठवर बुडेल इतकाच माल भरायचा ती बाजूवरची खूण, पण ती कुठे आखायची ते मालकानेच ठरवायचं! १८९० पर्यंत हेच.

आता लिहिता लिहिता राग ओसरलाय. ती 'जॉन बाउज' मालक बदलत, नावं बदलत १९३३ पर्यंत राबली. स्पेनच्या किनाऱ्याजवळ बुडाली तेव्हा ती 'विला सेल्गास' होती. ८१ वर्षं! तेवढ्यात तिच्या भट्टीसमोर माणसांच्या किती पिढ्या उभ्या राहिल्या असतील. आजोबांनी त्या बोटीच्या कोळशाला हात लावला नाही, पण चुलीतले निखारे पसरताना ते त्यांच्यातलेच होते.

तुमच्या घरात कुणी आगवाला, तेलवाला (यंत्रांना तेल घालणारा), सारंग (खलाशांचा म्होरक्या) होता का? ट्रंकेत डिस्चार्ज बुक, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, असेल तर नाव, गाव, बोट खाली लिहा. झुंबरांचे फोटो मला पाठवू नका.