सनद नेमकी कुणाच्या हातात?

मावशींनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढून टेबलावर ठेवली. आत वकीलपत्राची झेरॉक्स, खाली त्यांचा अंगठा, आणि नातवाने कोर्टाच्या साईटवरून काढून दिलेला एक प्रिंट. वादी गैरहजर, वादीचे वकील गैरहजर, सबब दावा डिसमिस. "दर तारखेच्या आदल्या दिवशी मी फोन करायची," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, तुम्ही कशाला हेलपाटा घालता, मी आहे ना." दावा डिसमिस होऊन आठ महिने झाले होते. हे मावशींना नातवाने सांगितलं, वकिलाने नव्हे.

मी स्वतः वकील आहे, बरीच वर्षं काळा कोट घालतोय. तेव्हा पुढचं सगळं घरभेदीपणा समजून वाचलंत तरी चालेल.

मूळ कागद त्या वकिलाकडेच अडकले होते. फी बाकी आहे, ती दिल्याशिवाय फाईल मिळणार नाही, असा निरोप. खरं तर सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच स्पष्ट केलंय की फीसाठी अशिलाचे कागद अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही. पंचवीस वर्षं उलटून गेली. बार रूममध्ये हे कुणाला माहीत नाही असं नाही, पण माहीत असणं वेगळं आणि फाईल परत देणं वेगळं.

मावशींनी विचारलं, तक्रार कुठे करायची? मी सांगितलं, बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या राज्याच्या संस्थेकडे, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961, कलम 35. मग त्यांनी एकेक करून तीन प्रश्न विचारले. माझे पैसे परत मिळतील? म्हटलं, नाही. कौन्सिलची शिस्तपालन समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ सनद म्हणजे वकिलीचा परवाना थांबवू शकते किंवा नाव कायमचं पटावरून काढू शकते, पण अशिलाला भरपाई द्या असं म्हणायची सोय त्या कलमात नाही. बरं, माझा दावा पुन्हा सुरू होईल? म्हटलं, त्यासाठी वेगळा अर्ज, वर उशीरमाफीचा आणखी एक. मग शेवटचा प्रश्न. तिथे निकाल द्यायला बसतं कोण?

"तीन वकील," मी म्हणालो.

"म्हणजे तुमचेच की."

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. शिस्तपालन समितीत दोन जण कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य आणि तिसरा बाहेरून घेतलेला, पण तोही वकीलच. आता कौन्सिलवर निवडून येतात ते कुणाच्या मतांवर? वकिलांच्या. म्हणजे आज ज्याच्यावर कारवाई करायची, त्याच्याच दारात उद्या मत मागायला जायचं. हे जमवणारी माणसं असतील, नाही असं नाही. पण व्यवस्था अशा अपवादात्मक माणसांवर सोडून द्यायची नसते.

ग्राहक मंचाचा रस्ताही बंद झालाय. 14 मे 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. त्या निकालाचा तर्क मला काही अंशी पटतो. वकील अशिलाच्या सांगण्यावर चालतो, तो कोर्टाचाही अधिकारी असतो, हरलेल्या प्रत्येक केसमागे एक तक्रार उभी राहिली तर कुणी अवघड केस घेणार नाही. पण एक दार बंद केलं की दुसरं उघडं आहे ना हे बघावं लागतं. दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो म्हणे. एका वकिलाने बुडवलं म्हणून दुसऱ्या वकिलाला फी देऊन आणखी पंधरा वर्षं!

मग सरकारनेच वकिलांवर लक्ष ठेवावं का? अनेक सामान्य माणसांना मनातून तसंच वाटतं. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या दुरुस्तीचा मसुदा काढला, तेव्हा आमच्या इथल्या एका रिक्षावाल्याने मला तोंडावर सांगितलं होतं, "बरं झालं, तुम्हाला पण कुणीतरी पाहिजे." त्या मसुद्यात राज्यांच्या कौन्सिलांच्या वरच्या बार कौन्सिल ऑफ इंडियावर तीनपर्यंत सदस्य केंद्राने नेमावेत आणि केंद्राला कौन्सिलला निर्देश देता यावेत अशी कलमं होती. संप-बहिष्कारावर बंदीही होती. देशभर वकील रस्त्यावर आले आणि सरकारने दहा दिवसांच्या आत मसुदा मागे घेतला.

संपबंदीच्या कलमावरून आमच्या लोकांनी जो गळा काढला तो मला आवडला नाही. वकिलांना संपाचा हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितलंय. विधी आयोगाच्या 2017 च्या अहवालात आकडा आहे, 2012 ते 2016 या काळात एकट्या डेहराडून जिल्ह्यात 455 दिवस संप. त्या 455 दिवसांत जे तुरुंगात जामिनाची वाट बघत बसले, त्यांना कुणी विचारलं होतं का? पण केंद्राने नेमलेले सदस्य आणि केंद्राचे निर्देश, हा भाग मात्र साफ चुकीचा होता. तिथे मी मोर्चात होतो आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा असेन.

कारण साधं आहे. या देशातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच आहे. जमीन संपादनात समोर सरकार, जामिनाला विरोध करायला सरकार, पेन्शनच्या भांडणातही सरकार. समोरच्या पक्षकाराच्या हातात तुमच्या वकिलाची सनद देणार? तसंही अ‍ॅटर्नी जनरल आणि सॉलिसिटर जनरल बार कौन्सिल ऑफ इंडियावर पदसिद्ध सदस्य आहेतच, आणखी तीन खुर्च्या कशाला?

याची चव आपण घेतलेली आहे. 1919 मध्ये रौलेट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या म्हणून अहमदाबादच्या काही वकिलांविरुद्ध तिथल्या जिल्हा न्यायाधीशाने मुंबई हायकोर्टाला पत्र लिहिलं आणि त्या वकिलांना नोटिसा निघाल्या. ते पत्र गांधींनी आपल्या 'यंग इंडिया'त छापलं, तर 1920 मध्ये त्यांच्यावर आणि महादेवभाई देसाईंवर अवमानाचा ठपका बसला. अशील नाराज होता म्हणून या वकिलांच्या सनदेवर टाच आली नव्हती, सरकारला त्यांची सही आवडली नाही एवढंच.

आणि आता माझ्याच बाजूच्या लोकांना टोचेल असं. ज्या दोन माणसांवरून फेसबुकवर रोज हाणामाऱ्या होतात, त्या दोघांनाही वकिलीचं दार बंद केलं ते वकिलांच्याच संस्थांनी. सावरकर परीक्षा पास झाले होते, तरी 1909 मध्ये लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेने त्यांच्या राजकारणाकडे बोट दाखवून त्यांना बॅरिस्टर होऊ दिलं नाही. गांधींना 1922 मध्ये शिक्षा झाल्यावर तशाच इनर टेंपलने त्यांचं नाव काढलं, ते परत लिहायला 1988 साल उजाडावं लागलं. तेव्हा 'वकिलांवर वकिलांचीच नजर म्हणजे स्वातंत्र्य' हेही समीकरण खरं नाही.

हल्लीचंच बघा. जून 2025 मध्ये ईडीने दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स काढलं, कारण काय तर अशिलाला दिलेला कायदेशीर सल्ला. ओरड झाल्यावर समन्स मागे घेतलं. मग सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून विषय हातात घेतला आणि 31 ऑक्टोबर 2025 ला सांगितलं की अशिलाची माहिती काढायला तपासयंत्रणा वकिलाला सरसकट बोलवू शकत नाहीत. साक्ष अधिनियमाच्या कलम 132 मधल्या अपवादात बसत असेल तरच, आणि तेही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीने. आमच्या ग्रुपवर याला वकिलांचा विजय म्हणून अंगठे पडले. अरे, ते संरक्षण अशिलाचं आहे! वकिलाने तोंड उघडायचं की नाही हे अशिलाने ठरवायचं. संविधानाच्या 22व्या कलमात अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीचा वकील मिळायचा हक्क आहे, तो वकील उद्या स्वतःच आरोपीच्या बाकावर बसेल या भीतीने गप्प राहणार असेल तर त्या पसंतीला काय अर्थ?

मोठ्या फर्मचं तर विचारूच नका. त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी काही नामांकित लॉ फर्मविरुद्ध एकामागून एक आदेश काढले, सरकारी इमारतीत प्रवेश बंद, सुरक्षा परवाने रद्द, वगैरे. चार फर्म कोर्टात गेल्या आणि चारही खालच्या कोर्टात जिंकल्या. नऊ फर्मनी मात्र तडजोड केली. त्यातली पहिली, पॉल वाइस, 4 कोटी डॉलरची मोफत कामं करायला तयार झाली. आपल्याकडे तर कायद्याला फर्म नावाची गोष्ट धड दिसतच नाही. सनद माणसाला मिळते, तक्रार माणसावर होते. परदेशी फर्मच्या नोंदणीचे नियम 2023 मध्ये आले, पण काचेच्या इमारतीतल्या देशी फर्मने फर्म म्हणून घोळ घातला तर कुणाला धरायचं? बहुधा एखाद्या ज्युनियरला.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरकार नको आणि फक्त आम्हीही नको. इंग्लंडमध्ये 2007 च्या कायद्याने वकिली व्यवसायावर देखरेखीसाठी जे मंडळ केलं त्यात वकील नसलेल्यांचं बहुमत सक्तीचं आहे, अध्यक्षही वकील नसलेलाच. शिवाय तिथे वेगळा लोकपाल आहे, तो अशिलाला 50,000 पौंडांपर्यंत भरपाई देववू शकतो. म्हणून तिथले वकील सरकारचे गुलाम झाले असं दिसत नाही. आपल्या समितीत निदान एक निवृत्त मुख्याध्यापिका बसवा, एक बँकेतला माणूस बसवा. तीनही खुर्च्या आमच्याच कशाला? आणि निकाल नावानिशी साईटवर टाका. तक्रार एका वर्षात निकाली काढायची, नाहीतर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते, असं कलम 36-ब आत्ताही म्हणतं. किती तक्रारी तशा गेल्या हे दर वर्षी छापा.

आम्ही हे आपणहून केलं नाही तर काय होतं ते डॉक्टरांना विचारा. मेडिकल कौन्सिल गेली आणि 2020 पासून तिथे सरकारने नेमलेला आयोग आहे. सीएंच्या डोक्यावर 2018 मध्ये एनएफआरए हे सरकारी नियामक प्राधिकरण आलं. दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं गेलं, तुम्ही आपल्या माणसांना हात लावत नाही.

हात लावता येत नाही असं मात्र नाही. मुंबईत एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील पक्षकारांवर अक्षरशः झडप घालायचे, कागद हिसकावायचे, त्यावरून आपसात मारामाऱ्या व्हायच्या. राज्याच्या बार कौन्सिलने त्यांना दोषी धरलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने सोडून दिलं, तर राज्य कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1975 मध्ये सात न्यायमूर्तींनी तिचा अपिलाचा हक्क मान्य केला. स्वतःच्याच सभासदांविरुद्ध दिल्लीपर्यंत लढलेली ती कौन्सिल होती. आज हा खटला आम्ही परीक्षेपुरता पाठ करतो.

मावशींचं काय झालं म्हणाल, तर मी त्या वकिलाला फोन केला. "अहो, आपलंच माणूस समजा," वगैरे. दोन दिवसांत फाईल आली, सुतळीने बांधलेली. आम्ही दावा पुन्हा दाखल करून घ्यायचा अर्ज दिला. बाकी फीचं नावही कुणी काढलं नाही. मावशी खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सुतळी सोडली, कागद मोजले, आणि म्हणाल्या, "मग त्यांना काहीच होणार नाही का?"

म्हटलं, तक्रार केलीत तर होईलही.

"तुम्ही लिहून द्याल?"

मी डायरी उघडली, पानं उलटली. म्हटलं, मावशी, या आठवड्यात जरा तारखा आहेत, पुढच्या आठवड्यात फोन करा.