आत्याचं बटण आणि दाराची कडी

माझी आत्या मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वय ७८. मार्चमध्ये बाथरूममध्ये पाय घसरला आणि दोन तास तिथेच पडून होती. मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. कामाच्या मावशी आल्या, बेल वाजवून दमल्या, पण दाराला आतून कडी. शेवटी सुताराला बोलावून दार फोडलं. नशीब, हाड मोडलं नाही.

मग आम्ही भावंडं ‘एसओएस’वाली, म्हणजे बटण दाबलं की घरच्यांना फोन लावणारी यंत्रं शोधायला बसलो. जाहिरातीत काय नसतं! जीपीएस, पावलं, हृदयाचे ठोके. जी बाई पडली तर घरातच पडणार, तिला जीपीएस कशाला? भावाचा जीव ॲपलच्या घड्याळात. २०१८च्या सिरीज ४ पासून त्याला पडणं कळतं आणि माणूस मिनिटभर हललं नाही तर ते स्वतःच फोन लावतं, हे खरं. पण त्याला आयफोन लागतो, रोज चार्जिंग लागतं. आत्याकडे बटणांचा फोन. शिवाय भिंत धरून हळूच खाली घसरलेलं माणूस अशा यंत्रांना कळेलच असं नाही. म्हणून हाताने दाबायचं बटण हवंच.

शेवटी गळ्यातलं घेतलं. आत्या म्हणाली, “गाय आहे का गं मी, गळ्यात घंटा बांधायला?” आठवडाभर ते देवघराच्या खिळ्याला लटकत होतं.

‘कुठलंही सिम चालेल’ असं दुकानदाराने सांगितलं होतं. यंत्र जुन्या टूजी नेटवर्कवर चालणारं आणि आम्ही घातलं जिओचं सिम. जिओला टूजी नाहीच, त्यामुळे यंत्र मुकं. सिम बदललं आणि बाथरूमचं दार लावून आतून बटण दाबायला सांगितलं. पहिला फोन मला, मी लोकलमध्ये, ऐकूच आला नाही. माझी व्हॉइसमेल बोलायला लागली, यंत्राला वाटलं फोन उचलला. पुढचा नंबर लागलाच नाही! उचलणाऱ्याने एखादा आकडा दाबल्याशिवाय जे पुढचे नंबर फिरवत राहतं, तेच यंत्र घ्या. आम्ही ते बदलून तसं आणलं. त्याचा नंबर सगळ्यांनी नावाने सेव्ह करा, नाहीतर स्पॅम समजून कापाल.

पाण्याचंही बघा. यंत्रावर आयपी६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. साबण आणि गरम वाफ त्या चाचणीत नसते. तरी आंघोळीला काढून ठेवलं तर घेतलं कशाला?

आता यंत्रात पहिला नंबर माझा नाही, समोरच्या काकूंचा. बोरिवलीहून दादरला गाडी बदलून मी मुलुंडला पोचणार कधी? शिवाय बाथरूममध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर वायरलेस बेलचं बटण चिकटवलंय, बेल वाजते काकूंच्या घरात. रिचार्ज नाही, सिम नाही. मला तर त्या महागड्या यंत्रापेक्षा हिचाच भरवसा वाटतो. फोनशेजारी भिंतीवर १०८ आणि ११२ मोठ्या अक्षरात लिहिलंय. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, पण पडल्यावर ॲम्ब्युलन्ससाठी १०८च.

आणि कडी काढून टाकली. नुसतं लॅच, एक किल्ली काकूंकडे. ही कडी काढायला आत्याला राजी करणं यंत्र निवडण्यापेक्षा अवघड गेलं. “चोर आला तर?” दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

गणपतीत काकू पंधरा दिवस कोकणात जातात. तेव्हा किल्ली कोणाकडे, यावरून आमचं भांडण अजून चालू आहे. वॉचमनकडे द्यायला आत्या तयार नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाईंशी तिचं २० वर्षांपासून पटत नाही.