आसुकातलं ते ‘शिवमंदिर’ नव्हे, कबर आहे

‘जपानमधल्या आसुका गावात पाच हजार वर्षांपूर्वीचं शिवमंदिर, दगडी गाभारा अजून शाबूत’ हा मेसेज दोन दिवसांत तीन ग्रुपांवर आला. फोटो खरा आहे, मजकूर चुकीचा. (घाईत मीही आधी अंगठा देऊन बसलो होतो.)

फोटोत आहे ते इशिबुताई. स्टेशनजवळ भाड्याची सायकल घेऊन, भातखाचरांमधून मी तिथे गेलो होतो. आत उतरून उभंही राहता येतं. ही सातव्या शतकातली कबर. वरचा मातीचा ढिगारा गेला आणि आतली दगडी खोली उघडी पडली, म्हणून ती गाभाऱ्यासारखी भासते. सुमारे ३० शिळा, त्यातली छताची सर्वांत मोठी अंदाजे ७७ टनांची! १९३३ पासून इथे उत्खनन झालं. सोगा नो उमाको या मातब्बर सरदाराची (मृत्यू ६२६) ही कबर असावी, असं अभ्यासक मानतात. पिंडी किंवा नंदी मात्र कुठेच नाही.

भारताशी नातं शोधायचंच तर त्याच गावातल्या आसुका-देरा मंदिरात जा. तिथली ब्राँझची बुद्धमूर्ती ६०९ सालची, ११९६ च्या आगीत होरपळलेली. चेहऱ्यावरचे सांधे जवळून स्पष्ट दिसतात. भारतातला बौद्ध धर्म इथे कोरियामार्गे पोहोचला.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.