शेवटच्या दिवशी यादी गुंडाळून ठेवा

कुठल्याही शहरात फिरायला गेलं की शेवटच्या दिवशी लोकांच्या अंगात येतं. हे राहिलं, ते राहिलं, चला उरकून टाकू. मग धावतपळत टॅक्सी, तिकिटाची रांग, फोटो, परत टॅक्सी. माझं मत विचाराल तर राहिलं ते राहू द्या. शेवटचा दिवस पायी भटकायचा.

आधीचे दिवस आपण शहर तुकड्यातुकड्यांत बघितलेलं असतं. मेट्रोत शिरलो, भलतीकडेच वर आलो. मधलं शहर गायब! त्यात मेट्रोचे नकाशे अंतराच्या बाबतीत साफ फसवे. हॅरी बेकनं काढलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ मध्ये छापला गेला. त्यानं खरी अंतरं बाजूला ठेवली आणि कुठली लाइन कुठे मिळते तेवढंच नीटनेटकं दाखवलं. पुढे जगभर हीच पद्धत रुळली. गाडी बदलायला झकास, पण शहराचा अंदाज पार गंडतो. लंडनमध्येच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्टेशनांत तीनशे मीटरचंही अंतर नाही. खाली उतरून गाडीची वाट बघेपर्यंत माणूस चालत पोचेल. शेवटी तिथल्या वाहतूक खात्यानंच २०१५ मध्ये दोन स्टेशनांमध्ये चालायला किती मिनिटं लागतात ते दाखवणारा नकाशा काढला.

म्हणून शेवटच्या दिवशी नवं ठिकाण शोधायचं नाही, बघितलेल्या दोन ठिकाणांच्या मधला रस्ता चालायचा. परवा जिच्यासमोर फोटो काढले त्या भव्य इमारतीची मागची बाजू तेव्हा दिसते: गंजलेले पाइप, टपटप गळणारा एसी, वॉचमनची पाय बांधलेली खुर्ची. मला तर पुढच्या खांबांपेक्षा ही बाजू जास्त आवडते. शिवाय एव्हाना नदी कुठल्या हाताला, चढ कुठे लागतो, हे अंगवळणी पडलेलं असतं. पहिल्या दिवशी असंच भटकलात तर सगळा वेळ मोबाइलमध्ये डोकं.

बाकी तयारी फारशी नाही. रूम बहुतेक ठिकाणी दुपारच्या आतच सोडावी लागते. बॅगा रिसेप्शनला ठेवता येतील का ते आदल्या रात्रीच विचारा. पासपोर्ट, पैसे, औषधं मात्र जवळच. नवे बूट नकोत. माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, पण रेंगाळत, बसत उठत तीनच धरा. आणि जाताना पायी, येताना वाहनानं. उलटं केलंत तर गाडी चुकायच्या भीतीनं शेवटचा टप्पा पळत काढाल.

सोमवार असेल तर उत्तमच. बरीच म्युझियम्स त्या दिवशी बंद असतात, त्यामुळे घरच्यांशी वादच नको.

परतीचं विमान पहाटेचं असेल तर हे सगळं आदल्या दिवशी करा. विमानतळाच्या खुर्चीत सुजलेले पाय घेऊन रात्र काढण्यात काही मजा नाही.