विहिरी बुजवायच्या आधी एवढं वाचा

सांगली-मिरजेच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: "शहरातल्या जुन्या विहिरींचं पाणी कायमचं नासलंय. ते शुद्ध करणं म्हणजे पैशाचा चुराडा. कृष्णा दाराशी आहे. दुष्काळात विहिरीही आटणारच. डास आणि अपघातांचं हे घर बुजवा, पार्किंगला जागा होईल." पाठवणारे चांगल्या मनानेच पाठवत असतील, पण उद्या कुणी खरोखर डंपर आणून उभा केला तर ती विहीर परत मिळायची नाही.

"कायमचं नासलंय" हे आधी बघू. वस्तीतल्या विहिरीत बहुतेक वेळा शिरतं ते फुटक्या गटाराचं आणि सेप्टिक टँकचं पाणी. त्यातून जंतू येतात. हे तपासायला एच टू एसची छोटी बाटली पुरते: पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची, काळं पडलं तर विष्ठेतले जंतू आहेत असं समजायचं. हे जंतू क्लोरीनने मरतात. समजा विहीर 4 मीटर व्यासाची आहे आणि पाणी 3 मीटर आहे. म्हणजे सुमारे 37,700 लिटर पाणी झालं, दहा हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) धरली तर लागते 95 ग्रॅमच्या आसपास. पाणी फार घाण असेल तर जास्त. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडायची आणि खालीवर हलवायची. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन तपासायची थेंबांची चाचणी, करायची, पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. पूर ओसरल्यावर गावोगावी हेच करतात, आधी उपसा आणि गाळ काढून. मात्र गटाराची गळती बंद केली नाही तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. खरा खर्च त्या दुरुस्तीचा आहे, आणि ती विहीर नसती तरी करावीच लागली असती.

सांडपाण्यातून आणि खतांतून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटचं तसं नाही. ते क्लोरीनने जात नाही, उकळल्याने तर उलट पाण्यातलं प्रमाण वाढतं. लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिऊ नये, तान्ह्या बाळाला तर मुळीच देऊ नये. पण म्हणून विहीर मेली असं होत नाही. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्यातले 45 लिटर नुसते संडासात ओतायला जातात. त्यासाठी, बागेसाठी, बांधकामासाठी आपण नदीचं शुद्ध केलेलं पाणी वापरतो, हा खरा पैशाचा चुराडा. फक्त अशा विहिरीची पाइपलाइन वेगळी हवी आणि नळावर "पिण्याचे नाही" असं ठळक लिहिलेलं हवं.

पेट्रोल किंवा कारखान्याचं रसायन उतरलं असेल तर काम खरंच अवघड आणि महाग. तरीही अशक्य नाही. अमेरिकेतल्या सँटा मोनिका शहराच्या विहिरींत 1996 साली पेट्रोलमधलं एमटीबीई सापडलं. शहराचं निम्मं पाणी गेलं, बाहेरून विकत घ्यावं लागलं. तेल कंपन्यांकडून पैसे वसूल झाले, सक्रिय कार्बनवर (घाण शोषून घेणाऱ्या कोळशावर) चालणारं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं आणि साधारण 14 वर्षांनी त्याच विहिरींचं पाणी पुन्हा नळाला आलं. बिल घाण करणाऱ्याच्या नावावर फाडायचं, हे आपणही तिथून घ्यायला हवं.

"कृष्णा दाराशी आहे." आहेच. 2019 च्या महापुरात ती घरात होती, तरी शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. 2023 च्या अखेरीस कोयनेतून पाणी सोडण्यावरून वाद पेटला, तेव्हा सांगलीजवळ पात्र उघडं पडलं होतं. कृष्णेत मिसळणाऱ्या शेरीनाल्याचं सांडपाणी तर वर्षानुवर्षांची तक्रार आहे. एकाच नदीवर सगळा भार टाकणारं शहर धरणाच्या दाराकडे डोळे लावून बसणार.

विहिरी आटतात, हे काही अंशी खरं. काळ्या पाषाणात पाणी मुरमाच्या आणि भेगांच्या थरात असतं, उन्हाळ्यात पातळी खाली जाते. पण सगळ्या एकदम आटत नाहीत. दर महिन्याला दोरीला खूण करून पातळी मोजली की मे महिन्यात तग धरणारी कोणती ते कळतं. मार्चपर्यंत चालणारी विहीरही तोवर नदीचं पाणी वाचवतेच.

राहिला बुजवण्याचा मुद्दा. डासांना गप्पी मासे, अपघाताला कठडा आणि लोखंडी जाळी, एवढंच लागतं. उलट राडारोडा आणि कचरा टाकून बुजवलेली विहीर सगळ्यात घातक, कारण तो कचरा थेट भूजलात कुजतो आणि शेजारच्या बोअरला घाण पाणी येतं. 2016 च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते मिरजेतून, आणि रेल्वेची जुनी हैदरखान विहीर त्या कामी आली. पाणी कृष्णेचं होतं, पण ती विहीर कुणी बुजवली नव्हती म्हणून हाताशी होती.

आणि एखादी विहीर खरंच बंद करायची वेळ आली, तर आधी पाणी आणि गाळ उपसावा, कचरा पूर्ण काढावा, स्वच्छ मुरूम आणि चिकणमाती थराथराने ठोकून भरावी, वर काँक्रीटचं झाकण टाकावं. डंपर उलटा करून निघून जाणं म्हणजे विहीर बंद करणं नव्हे.