‘डेटा साधा आहे, जेसन करून ठेवून द्या’ या सल्ल्याला उत्तर

मोबाइल अ‍ॅप बनवायला शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय हा: “डेटा साधा असेल तर डेटाबेसच्या भानगडीत पडू नका. सगळं जेसन करा आणि अँड्रॉइडवर शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये, आयफोनवर यूझर डिफॉल्ट्समध्ये, रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये असिंक स्टोरेजमध्ये टाकून द्या. दोन ओळींचं काम. वेगवान आहे, सेव्ह म्हटलं की सेव्ह होतं, अ‍ॅपच्या आत असल्यामुळे सुरक्षित आहे, अ‍ॅप काढलं की आपोआप साफ होतं. पुढे अ‍ॅप मोठं झालं तर डेटाबेसचं बघू.”

(जेसन म्हणजे डेटा मजकुराच्या रूपात लिहायची पद्धत. बाकीचे तिन्ही की-व्हॅल्यू साठे आहेत: प्रत्येक किल्लीच्या, म्हणजे नावाच्या, खाली एक किंमत ठेवायची.) यातला काही भाग बरोबर आहे, म्हणूनच सल्ला टिकून आहे. गडद थीम निवडली का, अक्षरं किती मोठी, भाषा कोणती, ओळख करून देणारे पहिले स्क्रीन दाखवून झाले का, यादी कोणत्या क्रमाने लावायची, या गोष्टींना की-व्हॅल्यू साठाच योग्य. त्यासाठी एसक्यूलाइट या फोनमधल्याच छोट्या डेटाबेसचं टेबल बनवणारा उगाच काम वाढवतो. पण डेटा साधा की गुंतागुंतीचा हे फक्त आकार बघून ठरवलं की घोटाळा सुरू होतो. मी दोन प्रश्न आधी विचारतो: हा डेटा गेला तर वापरणाऱ्याचं काय जाईल? आणि तो एकगठ्ठा बदलतो की त्यात एकेक नोंद वाढत जाते?

उदाहरणाला रक्तदाबाच्या नोंदी ठेवणारं अ‍ॅप घेऊ. वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी, वेळ. याहून साधा डेटा शोधून सापडणार नाही. आता दावे एकेक करून पाहू.

“वेगवान आहे”

वाचताना वेगवान असतं, कारण शेअर्ड प्रेफरन्सेस ही एक एक्सएमएल फाइल आहे आणि पहिल्या वापराच्या वेळी ती अख्खी मेमरीत येते. त्यानंतरचं प्रत्येक वाचन मेमरीतून होतं. पण पहिलं वाचन फाइल पूर्ण येईपर्यंत थांबून राहतं, आणि बहुतेक अ‍ॅपमध्ये ते सुरुवातीच्या स्क्रीनवर, मुख्य थ्रेडवरच (स्क्रीन चालवणाऱ्या कामाच्या धाग्यावर) होतं. फाइल जितकी फुगलेली, तितका अ‍ॅप उघडायला उशीर.

लिहिण्याची बाजू आणखी वाईट. एक किल्ली बदलली तरी अख्खी फाइल नव्याने लिहिली जाते. एका नोंदीचं जेसन 100 बाइटचं धरा. रोज 3 नोंदी म्हणजे वर्षाला साधारण 110 केबी. आकडा किरकोळ वाटतो, पण वर्षभरानंतर 100 बाइटची नवी नोंद करताना आधी सगळी यादी जेसनमधून उलगडायची, शेवटी एक घटक जोडायचा, पुन्हा जेसन करायचं आणि सगळं पुन्हा डिस्कवर लिहायचं. त्यात भर म्हणजे, जेसनमधलं प्रत्येक दुहेरी अवतरणचिन्ह एक्सएमएलमध्ये सहा अक्षरांच्या सांकेतिक रूपात जातं. विश्वास बसत नसेल तर एम्युलेटरवर आपल्या अ‍ॅपच्या फोल्डरमधली ती फाइल एकदा उघडून पाहा. डोळ्यांना त्रास होईल, पण मुद्दा पटेल. एसक्यूलाइट आपली फाइल पानांमध्ये वाटून ठेवतं. पानाचा ठरलेला आकार 4096 बाइट असतो, आणि एक नवी ओळ घालताना त्यातली मोजकीच पानं बदलतात. यादी वर्षाची असो की दहा वर्षांची, कामात फार फरक पडत नाही.

“सेव्ह म्हटलं की सेव्ह होतं”

या दाव्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. कमिट डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबतं आणि जमलं की नाही ते सांगतं. अप्लाय मेमरीतली किंमत लगेच बदलतं, डिस्कवरचं काम मागे सोपवतं आणि काहीही न सांगता परत येतं. ते काम फसलं तरी तुमच्या कोडला कळत नाही. जवळजवळ सगळे धडे अप्लाय शिकवतात, कारण कमिट मुख्य थ्रेडवर वापरलं की स्क्रीन अडखळतो. मग पडद्यावर नोंद दिसते, वाचली तर मिळते, आणि डिस्कवर पोचण्याआधी अ‍ॅप कोसळलं तर पुढच्या वेळी ती गायब.

यावर हमखास येणारं उत्तर असं: “अँड्रॉइड स्वतःच काळजी घेतं, स्क्रीन बदलताना अर्धवट राहिलेलं लिखाण पूर्ण करून घेतं.” खरं आहे. पण ते पूर्ण करून घेताना मुख्य थ्रेडला थांबवलं जातं. अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपचा एक स्क्रीन) थांबताना, सर्व्हिस (मागे चालणारं काम) सुरू किंवा बंद होताना रांगेतलं सगळं लिखाण डिस्कवर उतरेपर्यंत वाट पाहावी लागते. फाइल मोठी आणि फोन संथ असेल तर ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ ही पाटी इथूनच येते. म्हणजे अप्लायने वाचवलेला वेळ नंतर वसूल होतो, आणि तोही अशा जागी की दोष कुठे आहे ते पटकन सापडत नाही.

फ्लटर (गूगलची अ‍ॅप बनवायची चौकट) वापरणाऱ्यांनी तर वाद घालायचं कारणच नाही. शेअर्ड प्रेफरन्सेसच्या तिथल्या प्लगिनच्या माहितीपानावरच लिहिलंय की फंक्शन परत आल्यावर डेटा डिस्कवर गेलाच असेल याची हमी नाही, आणि महत्त्वाच्या डेटासाठी हे प्लगिन वापरू नये. ते पान उघडतात सगळे, पण वाचतात फक्त उदाहरणाचा कोड.

दुसरी गळती याहून छुपी आहे. नोंदींची यादी एका किल्लीत जेसन म्हणून आहे. स्क्रीनवरून नवी नोंद येते, त्याच क्षणी मागे चाललेलं सिंकही एक नोंद जोडतं. दोघं जुनी यादी वाचतात, दोघं आपापली भर घालतात, दोघं लिहितात. शेवटी लिहिणाऱ्याची यादी राहते, दुसऱ्याची नोंद पुसली जाते. ना क्रॅश, ना लॉगमध्ये ओळ. वापरणारा म्हणतो, “मी सकाळी आकडा टाकला होता,” आणि तुम्हाला तो प्रकार काही केल्या पुन्हा घडवून दाखवता येत नाही. एसक्यूलाइटमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण यादी उचलून परत ठेवायची गरजच नसते. दोन स्वतंत्र ओळी जातात, एक आधी, एक नंतर.

आयफोनवरही एक खोच आहे. अ‍ॅपच्या फाइल्सना आपोआप मिळणारं संरक्षण असं असतं की फोन बंद करून चालू केल्यावर तो पहिल्यांदा अनलॉक होईपर्यंत त्या वाचता येत नाहीत. त्याआधी अ‍ॅप पार्श्वभूमीत जागं झालं आणि यूझर डिफॉल्ट्सकडून रिकामं उत्तर आलं, तर तुमचा कोड समजतो की वापरणारा नवा आहे. मग तो उत्साहाने सुरुवातीच्या किमती लिहून टाकतो.

“अ‍ॅपच्या आत आहे, म्हणजे सुरक्षित आहे”

दुसऱ्या अ‍ॅपपासून, हो. प्रत्येक अ‍ॅपचं फोल्डर वेगळं आणि एकाला दुसऱ्याचं दिसत नाही. पण फाइलमधला मजकूर उघडाच असतो. रूट केलेल्या (सिस्टिमचे सगळे अधिकार खुले केलेल्या) फोनवर तो सरळ वाचता येतो, आणि अँड्रॉइड 6 पासून आलेल्या ऑटो बॅकअपमध्ये प्रेफरन्सेसची फाइल आपण वगळली नसेल तर वापरणाऱ्याच्या गूगल खात्यातही जाते. थीमच्या बाबतीत कोणाला फिकीर नाही. लॉगिनचा टोकन (पासवर्ड पुन्हा न विचारता ओळख पटवणारी खूण) असेल तर असावी.

टोकनची जागा आयफोनवर कीचेन, म्हणजे गुपितं ठेवायची सिस्टिमची तिजोरी, आहे. अँड्रॉइडवर कीस्टोअरमधली (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणाऱ्या सिस्टिमच्या जागेतली) किल्ली वापरून एन्क्रिप्ट करून ठेवायचा. इथेही आंधळेपणाने कोड उचलू नका. कीस्टोअरमधली किल्ली फोन सोडून बाहेर जात नाही, पण एन्क्रिप्ट केलेली फाइल बॅकअपमधून नव्या फोनवर पोचते. कुलूप आलं, किल्ली मागे राहिली, आणि अ‍ॅप उघडताच कोसळतं. त्यामुळे ती फाइल बॅकअपमधून वगळायची आणि उलगडता न आल्यास सरळ पुन्हा लॉगिन मागायचं. ज्या एन्क्रिप्टेड शेअर्ड प्रेफरन्सेसचं नाव अजूनही प्रत्येक उत्तरात येतं, ते गूगलने 2025 मध्ये कालबाह्य ठरवलं आहे, हेही जाता जाता.

“अ‍ॅप काढलं की आपोआप साफ होतं”

दोन्हीकडे अर्धसत्य. अँड्रॉइडवर फाइल जाते, पण अ‍ॅप पुन्हा टाकलं की ऑटो बॅकअपमधून परत येऊ शकते. म्हणून कोऱ्या फोनवर ‘पहिल्यांदाच उघडलं’ ही खूण आधीच मोडलेली सापडते. आयफोनवर यूझर डिफॉल्ट्स जातात, कीचेनमधलं मात्र अ‍ॅप काढल्यावरही मागे राहतं, आणि अ‍ॅप पुन्हा टाकल्यावर जुना टोकन समोर येतो. अनुभवी लोक पहिल्या सुरुवातीला यूझर डिफॉल्ट्समध्ये खूण नाही असं दिसलं की कीचेन स्वतः रिकामं करतात.

उलट बाजूही आहे: अ‍ॅप असताना डेटा जाणं. कॅशच्या फोल्डरमधलं काहीही जागा कमी पडल्यावर सिस्टिम उडवू शकते. वेबव्ह्यूवर (अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरवर) चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये त्या ब्राउझरच्या लोकल स्टोरेजवर विसंबणंही तसंच धोक्याचं.

“मग डेटास्टोअर वापरा, प्रश्न मिटला”

हा मूळ सल्ल्यातला दावा नाही, पण प्रतिवाद केला की लगेच हे ऐकू येतं. जेटपॅक डेटास्टोअर हा शेअर्ड प्रेफरन्सेसच्या जागी गूगलने दिलेला साठा. त्याची स्थिर आवृत्ती 2021 मध्ये आली आणि शेअर्ड प्रेफरन्सेसची बरीच दुखणी तिने बरी केली. मुख्य थ्रेड अडत नाही, लिखाण फसलं तर चूक कळते, वाचून-बदलून-लिहिणं एकाच व्यवहारात होतं. सेटिंग्जसाठी आज मी तेच सुचवेन. पण तेही प्रत्येक बदलाला अख्खी फाइल लिहितं. तुकड्यातुकड्याने बदल करायचे असतील तर रूम (एसक्यूलाइटवर बसवलेली गूगलची लायब्ररी) वापरा, हे गूगलची मार्गदर्शिकाच सांगते. रक्तदाबाच्या नोंदींची जागा तिथेही नाही. असिंक स्टोरेजचीही तीच गत: अँड्रॉइडवर त्याच्या आत एसक्यूलाइटच आहे, ठरलेली मर्यादा 6 एमबी, पण तुम्ही अख्खी यादी एकाच किल्लीत कोंबली तर आतल्या एसक्यूलाइटचा काडीचा उपयोग नाही.

“डेटाबेस अवजड असतो, नंतर बघू”

एसक्यूलाइट म्हणजे सर्व्हर नव्हे. ती एक लायब्ररी आहे, डेटा एका फाइलीत राहतो, आणि ती अँड्रॉइड व आयओएस दोन्हींवर आधीपासून असते. पहिली आवृत्ती 2000 सालची. चार स्तंभांचं एक टेबल, एक घालणारी आणि एक वाचणारी क्वेरी, एवढं काम पहिल्याच दिवशी होऊन जातं. जेसन उलगडण्याचा आणि चुकलेलं जेसन सांभाळण्याचा कोड यापेक्षा कमी भरत नाही.

‘नंतर’ खरंच आलं की काय होतं तेही पाहा. पहिल्या आवृत्तीत नाडीचा आकडा मजकूर म्हणून ठेवला, तिसरीत तो पूर्णांक केला. लोक मधल्या आवृत्त्या ओलांडून थेट सातवीवर येतात. एसक्यूलाइटच्या फाइलीत आवृत्तीचा आकडा ठेवायची सोय आहे आणि तो पाहून टप्प्याटप्प्याने बदल करता येतात. प्रेफरन्सेसमध्ये ही शिस्त तुम्हालाच पाळावी लागते. नाहीतर मजकूर ठेवलेल्या किल्लीतून पूर्णांक मागितला जातो आणि अ‍ॅप कोसळतं. (रूमवाल्यांना एक इशारा: मायग्रेशन (जुन्या रचनेतून नवीत डेटा नेणारा कोड) नसेल तर टेबलं पाडून नवी बनवा, असं सांगणारी ओळ धड्यांतून सर्रास उचलली जाते. ती बाजारात गेलेल्या अ‍ॅपमध्ये ठेवणं म्हणजे वापरणाऱ्याच्या नोंदी स्वतःच्या हाताने पुसणं.)

ज्यांचं अ‍ॅप आधीच त्या सल्ल्यावर उभं आहे त्यांनी साठवणीचा सगळा कोड एका क्लासमागे न्यावा, म्हणजे स्क्रीनला आत काय आहे हे कळायची गरज उरत नाही. नव्या आवृत्तीत अ‍ॅप उघडताच जुनं जेसन वाचावं, सगळ्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा व्यवहारात) टेबलात घालाव्यात, संख्या जुळली तरच ‘हलवून झालं’ अशी खूण त्याच डेटाबेसमध्ये करावी. जी नोंद उलगडत नाही ती फेकू नये, कच्चा मजकूर वेगळ्या टेबलात ठेवावा. जुनी किल्ली त्याच आवृत्तीत पुसण्याची घाई नको. एकदोन आवृत्त्या जाऊ द्याव्यात, मग पुसावी.