येतली तेन्ना येतली

डिसेंबरच्या सकाळी सात वाजता गोव्यात नदीकाठी तिपाई लावून उभा असलेला माणूस सूर्योदय टिपत असतो, नाहीतर कुणाचं तरी प्रीवेडिंग. मी आगशीला जुवारीच्या काठावर मालगाडीची वाट बघत होतो. आदल्या रात्री बायकोला हे सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "जेवायला येणार आहेस की डबा देऊ?" लग्नाला सोळा वर्षं झाली की प्रश्न असे नेमके होतात.

यात एक हिशेब आहे. जुवारीवरचा कोकण रेल्वेचा पूल सव्वा किलोमीटरहून लांब. मालगाडी साधारण सातशे मीटरची. म्हणजे थोडा वेळ असा येतो की पुढच्या इंजिनापासून मागच्या ब्रेकव्हॅनपर्यंत अख्खी गाडी पाण्यावर असते. त्या वेळात बटण दाबायचं, बस. त्यातही मला रोरो हवी होती. 1999 पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढवून कोलाडहून वेर्ण्याला नेते. ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून येतो. हातात स्टिअरिंग आहे, पण वळवायचं काही नाही. बैलगाडीत बैलाला बसवून फिरवावं, तसलं ते दृश्य! ते एकदा तरी पाण्यावर पकडायचं, हा माझा तीन डिसेंबरांचा संकल्प.

अडचण एवढीच की प्रवासी गाडी कुठे रखडली आहे ते मोबाईल सांगतो, मालगाडीबद्दल तो मौन पाळतो. त्यातून इथे मार्ग एकेरी. समोरून किंवा मागून एखादी एक्सप्रेस येणार असली की मालगाडीला बाजूच्या रुळावर उभं करतात. घरच्या लग्नात घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसावं, तशी ती बिचारी सगळ्यांना वाढून होईपर्यंत ताटकळते. तिच्याबरोबर मीही.

माझ्या शेजारी एक अंकल गळ टाकून बसले होते. बनियन, अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल, बाजूला दांड्याची जाळी. माझ्या तिपाईकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "पक्षी?"

"नाही, मालगाडी."

ते पुन्हा पाण्याकडे वळले. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "तुका काम ना?"

हे कोण विचारतंय? जो स्वतः पहाटेपासून न दिसणाऱ्या माशाची वाट बघतोय तो! पण गळ हातात असला की माणूस निवांत ठरतो आणि कॅमेरा असला की रिकामटेकडा. शिवाय नऊपर्यंत अंकलच्या बादलीत तीन शेवटे मासे पडले होते. माझ्या कार्डात एक बगळा होता.

मडगावहून निघालेली मांडवी एक्सप्रेस गेली. उलट दिशेने कोकणकन्या आली, तीही गेली. तोवर ऊन चढून पाणी पांढरंफटक झालं. एक बार्ज नेमकी पुलाखाली येऊन अशी रेंगाळली, जणू तिलाही फोटोत यायचं होतं. 2022 मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून पुलावर खांब आणि तारा आल्यात. कुठलं इंजिन कुठल्या खांबामागे लपेल याचं गणित मी वहीत मांडून ठेवलं होतं. ते दोनदा खोडलं. डबा साडेअकरालाच संपला. पाऊणच्या सुमारास वंदे भारत सुळकन गेली. मागे रस्त्यावर थांबलेल्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. मी लेन्स पुसत होतो.

"अंकल, मालगाडी कधी येते हो इथे?"

"येतली तेन्ना येतली."

आणि आलीच! आधी पुलाचा घुमल्यासारखा आवाज, मग इंजिन, त्यामागे ट्रकच ट्रक. निळ्या ताडपत्रीचे, पिवळ्या ताडपत्रीचे, एकाच्या आरशाला झेंडूची माळ. रोरो! बार्ज निघून गेलेली, ढग सरकलेला, खांब वहीप्रमाणे. अर्धी गाडी पाण्यावर आली, पाऊण आली. मी श्वास रोखला, बटणावर बोट ठेवलं.

"धर रे! धर, धर!"

अंकलचा गळ कमानीसारखा वाकला होता. दोन्ही हातांनी ते तो मागे रेटत होते आणि मानेने जाळी दाखवत होते. आता सांगा, काय करणार? साठीच्या पुढचा माणूस, पायाखाली शेवाळाचे दगड, आणि सकाळपासून आम्ही दोघं एकाच बाकावरचे उमेदवार. मी जाळी उचलली आणि बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरलो. जाळीत आला तो तांबोसा, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत सहज भरेल एवढा, लालबुंद, शेपटीने माझ्या चष्म्यावर पाणी मारणारा. अंकल आनंदाने ओरडत होते. खरं म्हणजे मीही ओरडत होतो.

वर बघितलं तर पूर्ण गाडी पाण्यावर होती. इंजिन ते ब्रेकव्हॅन, एक टोक जमिनीवर नाही.

मधल्याच एका ट्रकमधून ड्रायव्हर अर्धा बाहेर झुकला होता. एक हात हलवत होता आणि दुसऱ्या हातातला मोबाईल त्याने आमच्यावर धरला होता. मी मासा जरा वर उचलला.